वाळू-मुरूम उपसलेली ओढ्याकाठची जमीन पुन्हा कशी उभी करायची

आमच्या रानाच्या मावळतीकडून जाणारा ओढा पुढे सिंदफणेला मिळतो आणि सिंदफणा मंजरथजवळ गोदावरीला. रस्त्याच्या कामासाठी काठचा मुरूम आणि त्याखालचे वाळू-गोटे द्यायचे ठरले तेव्हा वडिलांनी हाताने हद्द दाखवली होती, "त्या बाभळीपर्यंत." काम संपलं तेव्हा बाभूळच जागेवर नव्हती. वीस गुंठ्यांत कुठे चार फूट, कुठे नऊ फूट खड्डा, मधोमध चाळून टाकलेल्या गोट्यांचे ढीग, आणि वरची काळी माती कुठे गेली याला कुणाकडेच उत्तर नाही.

पहिल्या वर्षी मी सगळे करतात तेच केलं. माळावरचा मुरूम आणून खड्ड्यात लोटला, वरून ट्रॅक्टर फिरवला. मृग कोरडा गेला, आर्द्रात एका रात्री ओढा फुगला आणि भरलेलं सगळं घेऊन गेला. सकाळी तो मुरूम खालच्या शेजाऱ्याच्या कपाशीत वीतभर पसरलेला. त्याची बोलणी खाल्ली ती वेगळीच. तेव्हा कळलं की खड्डा बुजवणं हे या कामातलं शेवटचं काम आहे. आधी पाणी ताब्यात यायला हवं, मग काठ, मग माती. पुढचं सगळं याच क्रमाने लिहितो.

आधी कागद

हे कंटाळवाणं आहे, पण टाळू नका. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 48(7) प्रमाणे विनापरवाना गौण खनिज, म्हणजे वाळू-मुरूम-दगड, काढल्यास बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होतो, आणि वसूल झाला नाही तर त्याचा बोजा जमीनमालकाच्या सातबाऱ्यावर चढू शकतो. उपसा करणारा निघून जातो, जमीन तुमच्या नावावर राहते. म्हणून खड्ड्यात पहिलं टोपलं टाकण्याआधी तलाठ्याकडे अर्ज करून पंचनामा मागा. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहून घ्या आणि तारखेसह फोटो काढून ठेवा. भरावासाठी मुरूम आणणार असाल तर त्याचाही परवाना लागतो. नाहीतर एका जागेची जखम भरायला दुसरीकडे तीच जखम करायची, वर दंड आपणच भरायचा.

ओढ्याचं पात्र सरकारी असतं. त्यात काही बांधायचं असेल तर ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आणि तालुक्याच्या कृषी किंवा जलसंधारण कार्यालयाला कळवा. घळ मोठी असेल तर त्यांच्याकडच्या योजनेत बसते का, ते तेव्हाच विचारा.

ओढा कुठून खातोय

पावसाळ्यात दोन-तीनदा, पाणी चालू असताना छत्री घेऊन काठावर उभं राहिल्याशिवाय आराखडा करू नका. उन्हाळ्यातला ओढा काही सांगत नाही.

पात्रात किंवा पात्राला लागून खोल खड्डा झाला की वरून येणारं पाणी त्याच्या तोंडाशी उडी घेतं. त्या उडीखालची माती निघते, कड ढासळते आणि उडी काही हात वर सरकते. दर पुराला आणखी वर. अशी घळ खड्ड्यापासून पार वरच्या शेजाऱ्याच्या बांधापर्यंत जाते. खालच्या बाजूला उलटा प्रकार होतो. ओढ्याने आणलेली वाळू आणि गोटे खड्ड्यात बसतात, पुढे निघालेल्या पाण्याकडे वाहून न्यायला काहीच उरत नाही, मग ते तळ आणि काठ कुरतडत जातं. म्हणजे खड्डा तुमच्या हद्दीत असला तरी नुकसान वर आणि खाली दोन्हीकडे असतं.

विहिरीचंही तसंच. वाळू-गोट्यांच्या थराच्या पोकळीत पाणी साठून असतं आणि त्यावर ऊन पोचत नाही. तो थर काढला की तेच पाणी उघड्या डबक्यात येतं, आणि आपल्याकडच्या मे महिन्यात उघडं पाणी रोज सेंटिमीटरभर उडून जातं. म्हणून पहिल्या दिवसापासून जवळच्या विहिरीचं पाणी मोजा. दोराला वजन बांधून काठापासून पाणी किती हातांवर आहे ते दिवाळीत एकदा आणि अक्षय्य तृतीयेला एकदा लिहून ठेवायचं. बाकी काही मोजलं नाही तरी हे मोजाच.

दगडी उंबरे

पात्रातला खड्डा माती टाकून भरता येत नाही. तो ओढ्याकडूनच भरून घ्यायचा. त्यासाठी वरच्या तोंडापासून सुरुवात करून पात्राला आडवे ठेंगणे दगडी बांध घालायचे. मी त्यांना उंबरे म्हणतो, कारण पाणी अडवून धरणं हे त्यांचं काम नाही. पाणी उंबरा ओलांडून जातं, वाळू मागे बसते.

पात्राच्या तळापासून उंची दोन, फार तर तीन फूट. दोन बांधांमधलं अंतर अंदाजाने ठरवू नका. वरच्या बांधाचा पाया आणि खालच्या बांधाचा माथा एका पातळीत आला पाहिजे. शंभर फुटांत दोन फूट उतार असेल आणि बांध दोन फुटी असेल तर अंतर शंभर फूट. पातळी काढायला गवंड्याची पारदर्शक नळी पुरते. तीस-चाळीस फूट नळीत पाणी भरायचं, त्यात चिमूटभर हळद टाकायची म्हणजे ऊन असलं तरी पाण्याची रेघ दिसते, आणि आत हवेचा बुडबुडा राहिला नाही हे बघायचं. तो राहिला की सगळी मापं खोटी. नळीची दोन्ही टोकं खुणा केलेल्या बांबूंना बांधून दोघांनी उभं राहायचं. पाणी फाउंडेशनच्या 'वॉटर कप' स्पर्धेच्या वर्षांत बऱ्याच गावांत लोक हायड्रोमार्कर, म्हणजे अशाच नळीचं तयार पातळीमापक, धरायला शिकले. तुमच्या गावात तो पडून असेल तर तोच आणा.

बांधताना तीन गोष्टी चुकतात. पहिली, पाया. तळात फूट-दीड फूट चर खणून मोठे दगड त्यात बसवा, नुसते वर रचू नका. दुसरी, माथा. तो मधे खोलगट हवा, टोकांपेक्षा निदान फूटभर खाली, म्हणजे पाणी मधून जाईल. सरळ माथ्याचा बांध दिसायला नीटनेटका दिसतो आणि पहिल्याच पुरात टोकाला फुटतो. तिसरी चूक माझी स्वतःची. बांधाची टोकं काठात दोन-तीन फूट घुसवायची असतात. खालच्या बांधाचं डावं टोक खणायला दगड लागला म्हणून मी ते हातभर आत नेऊन सोडलं. 2025 च्या सप्टेंबरात जो पाऊस झाला त्यात तीन बांध जागच्या जागी राहिले आणि नेमका तो चौथा डावीकडून सोडवला गेला. पाण्याने दगड हलवला नाही, बाजूची माती काढून वाट केली.

बांधाच्या खालच्या अंगाला, जिथे पाणी पडतं तिथे, उंचीच्या दीड-दोन पट लांबीची दगडांची फरसबंदी करा. तिच्याशिवाय बांध पुढून खचतो.

दगड कोणते? चाळून टाकलेले गोटे जागेवरच पडलेले असतात म्हणून हात तिकडेच जातो. पण ते गोल असतात, एकमेकांत अडकत नाहीत, पुरात गोट्या खेळल्यासारखे निघून जातात. सुट्या बांधाला कोनाकोनाचा फोडीव काळा दगड लागतो. गोटे वापरायचे तर तारेच्या जाळीत घट्ट भरून, म्हणजे गॅबियन करून. पात्र रुंद असेल तर मी जाळीचाच बांध सुचवेन, आणि तो माहितगार माणसाच्या देखरेखीखाली.

काठ

उपशानंतरचा काठ भिंतीसारखा उभा असतो. काळ्या मातीला उन्हाळ्यात भेगा पडतात, त्यांत पावसाचं पाणी शिरतं आणि अख्खा चिरा खाली येतो. त्याच्या पायथ्याशी उभं राहून फावडं मारू नका. जेसीबीही वरच्या कडेला फार जवळ नेऊ नका.

काठ कापून ढाळ द्यायचा. मुरमाड काठाला दोनास एक चालतो, म्हणजे फूटभर उंचीमागे दोन फूट आडवं. काळ्या मातीला तीनास एक हवा. आठ फुटी काठाला तीनास एक म्हटलं की चोवीस फूट जमीन ढाळात जाते. इथे शेतकऱ्याचा जीव तुटतो, माझाही तुटला होता. पण ती चोवीस फूट आज दिली नाही तर ओढा पाच वर्षांत चाळीस फूट घेतो आणि गवताची काडीही देत नाही. ढाळाच्या पायथ्याला दगडांची ओळ द्या. वर, शेताच्या कडेला, उताराला आडवा छोटा बांध आणि चर घालून शेतातलं पाणी एकाच ठिकाणी दगड टाकलेल्या सांडीवरून उतरवा. बऱ्याचदा काठ ओढ्याच्या पुराने पडत नाही. आपल्याच शेतातून कुठूनही कोसळणाऱ्या पाण्याने पडतो.

ही सगळी माती-दगडाची कामं चैत्र-वैशाखात संपवा. मृग लागताना, म्हणजे 7-8 जूनला, यंत्र रानाबाहेर गेलेलं असावं.

खड्डा बुजवायचा की ठेवायचा

आता हिशोब. एक गुंठा म्हणजे 1,089 चौरस फूट. त्यावर फूटभर थर म्हणजे 1,089 घनफूट, जवळपास 11 ब्रास. माझे 20 गुंठे सरासरी सहा फूट खोल धरले तर 1,300 ब्रासच्या वर. ट्रॅक्टरची ट्रॉली साधारण ब्रासभर माल नेते, म्हणजे तेराशे खेपा. वर भराव खाली बसतो, त्यामुळे पंधरा-वीस टक्के जास्तच लागतो. हा आकडा कागदावर मांडला आणि मी पूर्ण बुजवण्याचा नाद सोडला.

एप्रिलमध्ये खड्ड्यात पाणी दिसत असेल तर ते भूजल आहे. तो भाग बुजवू नका. त्याच्या कडा तीनास एक उताराच्या करा, एका बाजूला दोन-तीन फूट खोलीची रुंद पायरी ठेवा म्हणजे जनावर आणि माणूस सुखरूप वर येईल, आणि काटेरी कुंपण घाला. उभ्या कडांच्या अशा खड्ड्यांत पोरं बुडतात. पोहता येणारासुद्धा उभ्या निसरड्या कडेला हात धरू शकत नाही. हा तलाव आणि ओढा यांच्यामध्ये निदान पन्नास-साठ फूट अभंग जमीन राहू द्या. "ओढ्याचं पाणी वळवून घेऊ" म्हणून नाली फोडली तर पुराला ती वाट सापडते आणि सगळा ओढाच तुमच्या तलावातून वाहू लागतो.

कोरडा, उथळ भाग असेल तो शेतीला घ्यायचा, तोही आजूबाजूच्या पातळीला न आणता. वरच्या उंचवट्याचा मुरूम खाली ओढून बशीसारखा सौम्य उतार केला तरी पेरता येतं. आमचं रान आता रस्त्याच्या बाजूपेक्षा तीन फूट खाली आहे. औत चालतं, पाणी साचत नाही, एवढं पुरे.

भरायला काय टाकायचं नाही हे सांगायलाच हवं. पाडकामाचा राडारोडा, प्लॅस्टिक मिसळलेला कचरा, औष्णिक केंद्राची राख फुकट मिळते, घरपोच मिळते. ओढ्याकाठी यातलं काहीही टाकू नका. हा खड्डा थेट विहिरींच्या झऱ्यांवर बसलेला असतो.

माती

उरलेला तळ यंत्राच्या वजनाने दगडासारखा झालेला असतो. त्यावर थेट माती पसरली तर दोन थरांच्या मध्ये पाणी अडून वरची माती घसरते. आधी जेसीबीच्या दातांनी किंवा खोल नांगराने तळ फूट-दीड फूट फोडा, ढेकळं तशीच राहू द्या. नंतर पोटमाती, आणि सर्वांत वर चांगली माती. चांगली माती थोडीच मिळणार असेल तर ती सगळीकडे बोटभर पसरण्यापेक्षा निम्म्या क्षेत्रावर फूटभर द्या. 10 गुंठ्यांना फूटभर म्हणजे 110 ब्रास, हे जमण्यातलं आहे.

बहुतेकांना ही माती पाझर तलावाच्या गाळातून मिळते. 'गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार' योजनेत तुमचं जवळचं तळं आहे का ते विचारा. पण गाळ दिसला की ट्रॉली लावायची असं करू नका. घरी एक साधी पारख होते. गाळाचं सुपारीएवढं कोरडं ढेकूळ काचेच्या ग्लासात, साठवलेल्या पावसाच्या पाण्यात अलगद सोडायचं. हलवायचं नाही. ढेकूळ फुटून तळाशी भुगा झाला आणि पाणी नितळ राहिलं तर बरं. त्याभोवती दुधासारखं ढग उठून तासाभरानेही पाणी गढूळच राहिलं तर तो गाळ चोपणाच्या, म्हणजे सोडियम जास्त असून पाणी न मुरणाऱ्या जमिनीच्या, वळणाचा आहे, नको. त्यानंतर प्रयोगशाळेत सामू (पीएच) आणि क्षारता (ईसी) तपासा. सामू 8.5 च्या आत आणि ईसी 1 डेसिसायमन प्रति मीटरच्या आत असावा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात किंवा जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात याची सोय होते.

गाळ उन्हाळ्यात पसरा, वाळून भेगा पडू द्या, पहिल्या पावसाने तो विरघळून भुसभुशीत झाला की वखराने मुरमात मिसळा. नुसता गाळ थापून ठेवला तर पावसाळ्यात चिखल आणि हिवाळ्यात फरशी. आणि वाफसा नसताना या जमिनीत ट्रॅक्टर घालू नका. एका ओल्या फेरीने वर्षभराचं काम वाया जातं.

पहिल्या वर्षी पीक काढायचा मोह टाळा. ताग किंवा धैंचा दाट पेरा आणि फुलावर येताच, साधारण 45-50 दिवसांनी, गाडून टाका. ज्या भागात माती पातळ आहे तिथे हुलगा टाका. मुरमावर हुलग्यासारखं दुसरं काही तग धरत नाही. शेणखत मिळेल तेवढं द्या, पण विकत घेऊन पुरं पडत नाही. आम्हाला उपयोग झाला तो मेंढरांचा. दिवाळीनंतर धनगरांचे कळप उतरतात, त्यांना काही रात्री रानात बसवायचं, धान्य किंवा पैसे ठरवून. जागा रोज थोडी सरकवायला सांगायची. लेंडी आणि मूत एकदमच मुरतं, खुरांनी ढेकळं फुटतात. ज्या पट्ट्यात मेंढरं बसली तो पट्टा पुढच्या पावसाळ्यात लांबून ओळखू येत होता.

दुसऱ्या वर्षी मटकी, हुलगा, तूर. तूर खोल जाते, खालचा थर फोडते. अशा चुनखडीच्या मुरमात पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. ती लोहाची कमतरता असते, युरिया टाकून जात नाही. कापूस-सोयाबीन तिसऱ्या वर्षाच्या आधी नको.

गवत आणि झाडं

आधी गवत, मग झुडूप, मग झाड. ढाळावर वाळ्याची रोपं उताराला आडव्या ओळीत, एकमेकांपासून चार ते सहा इंचांवर लावा. अंतर वाढवलं तर पाणी मधून वाट काढतं. दोन ओळींमध्ये मारवेल आणि हरळी. पाणी लागतं त्या पायथ्याला निर्गुडी. हाताच्या अंगठ्याएवढ्या जाडीची हातभर काडी, दोन हिस्से जमिनीत, एक वर, चांगला पाऊस पडून जमीन भिजल्यावर खोचायची. शेळ्या तिला तोंड लावत नाहीत, हा तिचा सगळ्यात मोठा गुण. मागच्या बाजूला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. थेट पात्राच्या तोंडावर मोठं झाड लावू नका. ते कलंडलं की मुळांसकट काठ घेऊन जातं.

वेडी बाभूळ आणि बेशरम आपोआप येतील, कारण उघडा मुरूम त्यांना आवडतो. रोप पोटरीएवढं असतानाच, ओल्या जमिनीत मुळासकट उपटा. बेशरमाचा उपटलेला तुकडा ओढ्यात टाकू नका. खाली जिथे अडकेल तिथे रुजतो.

पोळा झाला की कुदळ आणि घमेलं घेऊन एक फेरी मारायची. बांधाचा निसटलेला दगड, काठावरची नवी ओघळ, उंदराचं बीळ. हाताएवढी ओघळ दोन दगडांनी थांबते. परतीचा पाऊस तिची घळ करतो.

आणि एक काम मी उशिरा केलं, तुम्ही आधी करा. दुसऱ्या पावसाळ्यानंतर उंबऱ्यांच्या मागे छान स्वच्छ वाळू बसते. ती लांबून दिसते. आमच्याकडे एका सकाळी अनोळखी माणूस दुचाकी लावून बांधावर उभा होता. म्हणाला, "पाच-पन्नास ब्रास निघेल की इथं." त्याच आठवड्यात आम्ही पात्रात उतरणारा ट्रॅक्टरचा जुना रस्ता मोठे काळे दगड लोटून बंद केला, त्यामागे बोरीच्या फांद्या रोवल्या, आणि पुढच्या ग्रामसभेत या पट्ट्यातून वाळू उचलायची नाही असा ठराव लिहून घेतला. दगड लोटायला शेजारीही आला होता, तोच कपाशीवाला.